टॅबलेटला कळफलक जोडताना

टॅबलेट हे उपकरण मुळात वाचण्यासाठी आणि पाहण्यासाठी घडविले गेले, आणि त्या कामी त्याची योग्यता वादातीत आहे. परंतु ज्या क्षणी त्यावर पान-दीड पान मजकूर लिहिण्याची वेळ येते, त्या क्षणी काचेवर उमटणाऱ्या कळांची मर्यादा बोटांना जाणवू लागते. काचेवरच्या कळेला कड नसते, खोली नसते, ती दाबली गेल्याची खूण बोटाला मिळत नाही. त्यामुळे नजर सतत बोटांवर खिळून राहते, निम्मा पडदा कळांनीच व्यापल्यामुळे मागचे वाक्य दृष्टीआड होते, आणि विचाराचा ओघ अक्षर शोधण्याच्या खटाटोपात वारंवार खंडित होतो. ज्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट तेवढा आहे, त्या घरी अर्ज, निबंध, प्रकल्पाचा अहवाल, गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, सारे याच काचेवर कष्टाने उमटवले जाते. आणि पुष्कळदा त्याच घराच्या माळ्यावर, केव्हाच मोडीत गेलेल्या संगणकाचा धडधाकट कळफलक धूळ खात पडलेला असतो. तो कळफलक या टॅबलेटला जोडता येतो, त्यासाठी शे-दीडशे रुपयांच्या ओटीजी केबलीपलीकडे काही लागत नाही, आणि तरीही हा उद्योग करू पाहणारे अनेक जण पहिल्याच प्रयत्नात हात टेकून ‘आमच्या टॅबलेटवर हे चालत नाही’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते. दोष बहुधा टॅबलेटचा नसतो आणि कळफलकाचा तर नसतोच. यूएसबी या जोडणीमागे अधिकारांची जी ठाम वाटणी आहे, ती कोणी समजावून सांगितलेली नसते, एवढेच.

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी संगणकाच्या पाठीमागे कळफलकाचे छिद्र निराळे, माऊसचे निराळे, छपाईयंत्राचे पंचवीस टाचण्यांचे रुंद तोंड त्याहून निराळे, असा प्रकार असे, आणि एकाची तार दुसऱ्यात बसत नसे. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी एकत्र येऊन ही बेबंदशाही मोडण्याची तजवीज केली. आणि इंटेलमधील ज्या पथकाने या कामाचा पाया घातला, त्याचे धुरीणत्व अजय भट्ट यांच्याकडे होते. भट्ट यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. सामान्य माणसाला तज्ज्ञाची मदत न घेता यंत्राला यंत्र जोडता आले पाहिजे, हा या साऱ्या खटपटीचा हेतू होता.

हा हेतू साधण्यासाठी रचनाकारांनी एक तत्त्व स्वीकारले, आणि तेच आपल्या विषयाचे मर्म आहे. यूएसबीच्या तारेच्या दोन टोकांना समान दर्जा नाही. एक टोक यजमानाचे, दुसरे उपकरणाचे. वीजपुरवठा यजमानाने करायचा, संभाषणाचा प्रारंभ यजमानाने करायचा, आणि विचारल्याखेरीज उपकरणाने चकार शब्द काढायचा नाही, असा हा शिरस्ता आहे. जुन्या मामलेदार कचेरीत पुकारा झाल्यावाचून अर्जदाराला तोंड उघडता येत नसे, तद्वतच आपण दाबलेल्या कळेची वार्ता कळफलक आपण होऊन पाठवीत नाही; यजमान दर आठ-दहा सहस्रांश सेकंदाला ‘काही सांगायचे आहे काय?’ असे विचारतो आणि तेव्हाच ती वार्ता रुजू होते. ही विचारणा इतकी त्वरित होते की लिहिणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. नवे उपकरण जोडले जाताच यजमान त्याला १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो आणि त्याची कैफियत मागतो: तू कोणाच्या कारखान्यातला, कोणत्या वर्गातला, आणि तुला वीज किती लागते? या जबानीत कळफलक ‘मी मानवी हाताळणीच्या साधनांच्या वर्गातला, माझा वर्ग तिसरा’ असे सांगतो. हा वर्ग सर्व जगात एकच असल्यामुळे कोणत्याही कंपनीचा कळफलक कोणत्याही यजमानाला निराळ्या सॉफ्टवेअरवाचून समजतो. माऊस याच वर्गातला आहे. पेनड्राइव्हचा वर्ग आठवा, छपाईयंत्राचा सातवा.

आता टॅबलेटची अडचण पाहा. संगणकाला जोडलेला टॅबलेट हा उपकरणाच्या जागी असतो. संगणक विचारतो, टॅबलेट उत्तर देतो, संगणक वीज देतो, टॅबलेट घेतो. परंतु त्याच टॅबलेटला त्याच छिद्रातून कळफलक जोडला की टॅबलेटने यजमान व्हायचे, विचारणा करायची आणि वीजही पुरवायची. एकाच दाराने दोन परस्परविरुद्ध भूमिका वठवायच्या, तर आज आपण कोण आहोत हे त्याला कळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर २००१ च्या डिसेंबरात यूएसबीच्या नियमावलीला जोडलेल्या ‘ऑन-द-गो’ या पुरवणीने दिले, आणि बाजारात आपण ज्याला ओटीजी म्हणतो ते याच नावाचे संक्षिप्त रूप.

जुन्या टॅबलेटांना जे चपटे मायक्रो-यूएसबी छिद्र असे, त्यात पाच बारीक पत्र्या असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. आणि पाचवी कशासाठी, हे वरवर पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. चार्जिंगच्या नेहमीच्या केबलीत ही पाचवी पत्री कशालाच जोडलेली नसते. ओटीजी केबलीत मात्र ती विजेच्या ऋण पत्रीला जोडून टाकलेली असते, आणि टॅबलेटच्या दृष्टीने हा जोड म्हणजे यजमानपदाची सनद होय. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. फरक आहे तो प्लास्टिकच्या आतल्या त्या केसाएवढ्या जोडात. २०१४ साली आलेल्या, उलटसुलट कसेही बसणाऱ्या टाइप-सी छिद्रात चोवीस पत्र्या आहेत आणि तेथे ही खूण एका रोधकाने पटवली जाते. कळफलक खोचण्याच्या ओटीजी जोडाच्या पोटात ५.१ किलोओहमचा रोधक एका विशिष्ट पत्रीवर बसवलेला असतो. तो दिसताच टॅबलेट वीज सोडतो आणि यजमानाचा कारभार हाती घेतो. याच्या उलट, चार्जिंगच्या केबलीत ५६ किलोओहमचा रोधक दुसऱ्या दिशेने जोडलेला असतो आणि तो टॅबलेटला सांगतो की वीज पलीकडून येत आहे, तू घेणारा आहेस.

एवढे ध्यानात आले म्हणजे अपयशाची बहुतेक कारणे आपोआप उलगडतात. चार्जरची केबल आणि कळफलकाची तार यांची टोके एकमेकांत बसत नाहीत, म्हणून कोणी दोन्ही बाजूंनी छिद्र असलेला जोडतुकडा मध्ये बसवतो. टोके बसतात, तार अखंड होते, पण यजमानपदाची खूण कोठेच नसल्यामुळे टॅबलेट आणि कळफलक, दोघेही दुसरा बोलेल याची वाट पाहत राहतात. दुकानात ‘टॅबलेटला जोडायची केबल’ न मागता ‘ओटीजी’ मागावी, ती याचसाठी. तथापि योग्य केबल असूनही काही जुने आणि स्वस्त टॅबलेट दाद देत नाहीत, कारण बाहेर वीज सोडण्याची योजनाच त्यांच्या कारखानदाराने काटकसरीपायी गाळलेली असते. केबल विकत घेण्यापूर्वी दुकानातच आपला टॅबलेट आणि कोणताही एक माऊस जोडून पाहावा; पडद्यावर बाण दिसला की परीक्षा उत्तीर्ण.

अँड्रॉइडवर ही सोय २०११ च्या ३.१ या आवृत्तीपासून आहे, आणि माऊस, कळफलक, खेळाचे दांडके ही साधने तेव्हापासूनच त्यात मान्य झाली. आयपॅडचा मार्ग अधिक सावध राहिला. २०१८ च्या आयपॅड प्रोला टाइप-सी छिद्र मिळाले, पुढच्या वर्षी पेनड्राइव्हवरील फायली वाचण्याची मुभा मिळाली, आणि माऊसला पूर्ण मान्यता मिळण्यास २०२० चा मार्च उजाडला. जुन्या, अरुंद लाइटनिंग छिद्राच्या आयपॅडला अर्थातच निराळा जोड लागतो आणि तो ओटीजीच्या मानाने महाग असतो.

मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढे येतो, आणि गैरसमजही त्याविषयीच सर्वाधिक आहेत. कळफलकावर इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत, तेव्हा तो इंग्रजीच लिहिणार, अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः कळफलकाला कोणतीच भाषा येत नाही. तो टॅबलेटला अक्षर कळवीतच नाही; कोणत्या जागची कळ दाबली गेली, एवढाच वृत्तान्त तो देतो. साध्या कळफलकाचा हा वृत्तान्त आठ बाइटांचा असतो: पहिल्यात शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या साहाय्यक कळांची नोंद, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. ‘ए’ छापलेल्या कळेचा क्रमांक ४, ‘बी’चा ५, आणि याच क्रमाने ‘के’चा १४. ‘के’ दाबली की तिसऱ्या बाइटात १४ येतो. डावी शिफ्ट धरून दाबली तर पहिल्यात २ आणि तिसऱ्यात १४. बोट उचलताच पुन्हा सर्वत्र शून्य. यापुढचा निवाडा टॅबलेटच्या अखत्यारीतला. त्याच्या दप्तरी इंग्रजी मांडणी लावलेली असेल तर १४ म्हणजे ‘के’. इन्स्क्रिप्ट मांडणी लावलेली असेल तर तोच १४ म्हणजे ‘क’, आणि शिफ्टसह ‘ख’. माळ्यावरचा तो जुना इंग्रजी कळफलक, त्याच्या एकाही कळेला हात न लावता, शुद्ध मराठी लिहू शकतो तो यामुळे.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून मान्य केली, १९९१ साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले, आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तिच्या प्रसारासाठी दीर्घ काळ परिश्रम केले. आपल्या वर्णमालेची शास्त्रशुद्ध घडण तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे, आणि म्हणून ती शिकण्यास सोपी आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. स्वर आणि त्यांची चिन्हे बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. अल्पप्राण साधा आणि त्याचाच महाप्राण शिफ्टसह, म्हणजे ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ या जोड्या एकेका कळेवर नांदतात. जोडाक्षरासाठी ‘डी’ छापलेल्या कळेवर हलन्ताचे चिन्ह आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला तो खास मराठी अर्धा र काचेवर उमटवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते आणि पुष्कळ लोक ‘वार्यावर’ असे लिहून वेळ मारून नेतात. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग य ची कळ, अशा तीन ठोक्यांत मिळतो, आणि ‘जे’ शिफ्टवाचून दाबून तोच क्रम केला की ‘सूर्य’मधला रफार मिळतो. हा भेद बोटांना एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही.

मांडणी बदलण्याची जागा अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या ‘भाषा आणि इनपुट’ या भागात, ‘फिजिकल कीबोर्ड’ या नोंदीखाली असते, आणि अनेक टॅबलेटांत ही नोंद कळफलक जोडलेला असतानाच दृष्टीस पडते. तेव्हा आधी जोडणी, मग शोध. तेथे मराठीची मांडणी नसेल तर भौतिक कळफलक चालवणारे एखादे मराठी कीबोर्ड-अॅप घ्यावे लागते. विंडोज प्रणालीच्या टॅबलेटांत ‘मराठी’ या नावाने ही मांडणी पूर्वीपासून अंतर्भूत आहे. टंकलेखनाच्या संस्थेत शिकलेल्या मंडळींचे हात रेमिंग्टन मांडणीला सरावलेले असतात आणि त्यांना इन्स्क्रिप्ट परकी वाटते. त्यांनी ती मांडणी पुरवणारे अॅप शोधावे, चाळीस वर्षांची सवय मोडण्याचे कारण नाही. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याची जी सोय काचेवर अनेकांच्या अंगवळणी पडली आहे, ती भौतिक कळांबरोबर प्रत्येक टॅबलेटवर चालतेच असे मात्र नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्याला घाबरवते: कळफलक जोडताच पडद्यावरच्या कळा अदृश्य होतात. तो बिघाड नव्हे. बाहेरचा कळफलक आला म्हणून टॅबलेटने पडदा मोकळा केला, इतकेच. दोन्ही हवे असल्यास त्याच पानावर पडद्यावरचा कळफलक कायम ठेवण्याचा पर्याय आहे.

आता विजेविषयी. यजमानाने पुरवायची वीज पाच व्होल्टची असते; ओळख पटेपर्यंत उपकरणाने १०० मिलिअँपिअरहून अधिक घ्यायची नाही आणि त्यानंतर मागणी करून ५०० पर्यंत घ्यायची, असा यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा दंडक आहे. साधा कळफलक आणि माऊस यांची भूक यापुढे नगण्य, म्हणून टॅबलेटची बॅटरी त्यांच्यामुळे फारशी उतरत नाही. रंगीबेरंगी दिवे लावलेला कळफलक अधिक खातो, आणि फिरत्या तबकडीची हार्डडिस्क सुरू होताना ५०० च्याही पुढे जाऊ शकते. अशा वेळी डिस्क टिकटिक करीत राहते आणि टॅबलेट ‘या उपकरणाला जास्त वीज लागते’ असे सांगून हात वर करतो. यावर उपाय म्हणजे स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब. टाइप-सी टॅबलेटासाठी असा हब मिळतो की ज्यात एका छिद्रात चार्जर, दुसऱ्यात कळफलक, तिसऱ्यात माऊस, आणि टॅबलेट लिहितालिहिता चार्जही होतो. दिवसभर काम करणाऱ्याने पैसे खर्च करावेत ते याच वस्तूवर, असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या कळफलकापेक्षा तिचा उपयोग अधिक.

पेनड्राइव्हच्या बाबतीत तक्रार येते ती बहुधा फायलींच्या मांडणीपायी. फॅट-३२ या जुन्या पद्धतीचा पेनड्राइव्ह सर्वत्र वाचला जातो, पण त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये ती मावते. विंडोजच्या संगणकावर एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला ड्राइव्ह मात्र अनेक अँड्रॉइड टॅबलेट नाकारतात. ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावा. लिहिणे अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा उघडत नाही, आणि लग्नाची छायाचित्रे दुसऱ्यांदा काढता येत नाहीत.

ज्या उपकरणांना सर्वमान्य वर्ग नाही, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ओटीजी केबल सर्वांत अधिक वापरली जाते ती कदाचित लेखनासाठी नव्हे, तर अंगठ्यासाठी. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ योजनेने तो आधारशी पडताळलेल्या ठशावरून घरबसल्या देण्याची सोय केली, आणि आता चेहऱ्यावरूनही तो देता येतो. ठसा घेणारे ते लहानसे यंत्र टॅबलेटला जोडले की काचेखाली लाल उजेड पडतो, पण तेवढ्याने काम होत नाही. हे यंत्र आपल्या कारखानदाराच्या खाजगी भाषेत बोलते. म्हणून त्या कारखानदाराचे ‘आरडी सर्व्हिस’ नावाचे अॅप आधी टॅबलेटवर असावे लागते, आणि ‘या अॅपला हे यूएसबी उपकरण वापरू द्यायचे काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला की होकार द्यावा लागतो. घाईत कोणी तो प्रश्न नाकारतो, आणि मग वृद्ध माणूस बोट पुसून पुसून काचेवर टेकवीत राहतो. ठशाची यंत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी शिकून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळफलकाला मात्र असा परवाना कोणी विचारीत नाही, आणि या सुलभतेची एक काळी बाजू आहे. २०१४ साली कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की पेनड्राइव्हच्या अंतरंगातील आज्ञावली बदलून त्याला ‘मी कळफलक आहे’ अशी खोटी जबानी द्यायला लावता येते. मग तो स्वतःच कळा दाबल्याप्रमाणे हुकूम सोडू लागतो, आणि यजमान ते मुकाट्याने पाळतो. रस्त्यात सापडलेला किंवा अनोळखी माणसाने दिलेला पेनड्राइव्ह आपल्या टॅबलेटला जोडू नये.

तारेवाचून, ब्लूटूथने कळफलक जोडण्याची सोय बहुतेक सर्व टॅबलेटांत आहे, आणि प्रवासात ती सोयीची आहे. तिला ओटीजीची गरज नाही, छिद्रही मोकळे राहते. परंतु ब्लूटूथ कळफलकाला स्वतःचे सेल लागतात आणि ओळख पुन्हा पटवण्याचा प्रसंग नेमका घाईच्या वेळी येतो. एका जागी बसून रोज लिहिणाऱ्याने तारच पसंत करावी. ज्या बिनतारी कळफलकाबरोबर नखाएवढा यूएसबी तुकडा येतो, तो ब्लूटूथ नव्हे. तो तुकडा ओटीजीतच खोचायचा असतो आणि टॅबलेटला तो तारेच्या कळफलकासारखाच दिसतो.

राहता राहिली छिद्राची काळजी. जुन्या रुंद यूएसबी टोकाची नियमावलीतील अपेक्षित आयुर्मर्यादा १,५०० वेळा घालण्या-काढण्याची होती, मायक्रो आणि टाइप-सी यांची १०,००० वेळांची आहे. म्हणजे नेहमीच्या वापराने छिद्र झिजून जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ते मोडते ते तिरक्या ताणाने. टॅबलेट उभा ठेवलेला, त्याच्या कडेला सरळ कडक ओटीजी तुकडा खोचलेला आणि त्याला कळफलकाची जड तार लोंबकळत असली की तो सारा भार आतल्या बारीक सांध्यावर पडतो, आणि तो सांधा निखळला तर चार्जिंगही बंद होते. म्हणून बोटभर लवचीक तार असलेली ओटीजी घ्यावी आणि कळफलकाच्या तारेचा एक वेढा टॅबलेटच्या स्टँडच्या पायाभोवती घालून ठेवावा, म्हणजे हिसका बसला तरी तो स्टँडला बसेल, छिद्राला नव्हे.